बेफिकिरी : एका समीक्षाशब्दाचे लाड

मराठी समीक्षेत काही विशेषणे अशी आहेत, की ती एकदा एखाद्या लेखकाच्या नावाला चिकटली म्हणजे त्याचे लेखन बारकाईने वाचण्याची गरज कोणालाच उरत नाही. 'बेफिकीर' हे त्यांपैकी एक. साठोत्तरी कवितेचा आढावा असो, लघुनियतकालिकांच्या चळवळीवरील प्रबंध असो, की पदव्युत्तर परीक्षेतील उत्तर असो. 'बेफिकीर वृत्ती', 'बेफिकीर शैली', 'प्रस्थापिताविषयीची बेफिकिरी' ही शब्दयोजना ठरल्या जागी हजर होते. ती येते ती गौरवाचा शब्द म्हणून. पुढच्याच परिच्छेदात त्याच कवीच्या एखाद्या फसलेल्या कवितेची बाजू सावरायची असली, तर तोच शब्द पुन्हा बोलावला जातो. आता मात्र सबब म्हणून. कवी मुळातच बेफिकीर, तेव्हा रचनेतील ढिलाई हा त्याच्या वृत्तीचाच आविष्कार, असा हिशेब मांडला जातो. गुणाचे आणि दोषाचे नाव एकच ठेवले, की समीक्षेला चुकण्याची भीती राहत नाही.

हा केवळ शब्दाच्या सैल वापराचा प्रश्न असता, तर त्याची इतकी दखल घेण्याचे कारण नव्हते. सैल शब्द प्रत्येक पिढीच्या समीक्षेत असतात आणि कालांतराने गळून पडतात. परंतु ह्या एका शब्दाखाली तीन भिन्न गोष्टी झाकल्या गेल्या आहेत: चिंतेपासूनची मुक्तता, इतरांच्या मताविषयीची अनास्था आणि अवधानाचा अभाव. पहिली स्वभावाची, दुसरी भूमिकेची आणि तिसरी प्रत्यक्ष कृतीची बाब आहे. पहिल्या दोहोंवरून तिसरीविषयी काहीच अनुमान काढता येत नाही. रोजच्या व्यवहारातली मराठी ह्या तिन्हींना वेगवेगळ्या शब्दांनी ओळखते आणि त्यांची सहसा गल्लत करीत नाही. ही गल्लत समीक्षेने केली आहे, आणि तिची किंमत ज्या लेखकांचा गौरव चालला आहे, त्यांनाच मोजावी लागली आहे.

प्रथम शब्दाकडेच पाहावे. 'काळजी' ह्या नामाची व्युत्पत्ती काहीही ठरो, मराठी कानाला त्यात 'काळीज' ऐकू येतेच. पण ह्या नामाचे खरे रहस्य त्याच्या क्रियापदांत आहे. 'काळजी करणे' आणि 'काळजी घेणे' हे दोन प्रयोग इतके भिन्न आहेत, की 'काळजी करू नका, काळजी घ्या' हे वाक्य कोणत्याही घरात निरोप देताना सहज उच्चारले जाते आणि त्यातील विरोध कोणाला खटकत नाही. 'करणे' मनाची अवस्था दाखवते, तर 'घेणे' हाताचे काम. आता निषेधवाचक शब्द तपासले, तर असे दिसते की 'निष्काळजी' हा शब्द फक्त 'घेणे' नाकारतो. काळजी न करणाऱ्या माणसाला मराठी भाषक 'निष्काळजी' म्हणत नाही. त्याला तो 'निश्चिंत', 'निर्धास्त' किंवा 'बेफिकीर' म्हणतो. उलट 'फिकीर' आणि 'पर्वा' ही दोन्ही नामे केवळ 'करणे' स्वीकारतात. फिकीर करता येते, घेता येत नाही. पर्वा करता येते, घेता येत नाही. तेव्हा 'बेफिकीर' आणि 'बेपर्वा' हे शब्द ज्याचा निषेध करतात, त्यात 'घेणे' मुळी नाहीच. दोरावरून चालणारा डोंबारी खाली जमलेल्या गर्दीकडे न पाहता, ओठांवर हसू ठेवून पुढे सरकतो, तेव्हा तो बेफिकीर दिसतो. तो निष्काळजी असता तर दुसऱ्या पावलाला खाली आला असता.

ह्या कुळातील इतर शब्दही वाक्यरचनेच्या कसोटीवर घासून पाहण्यासारखे आहेत. 'हयगय' आणि 'हलगर्जी' ह्यांना सप्तमीची अपेक्षा असते; कशात हयगय, हे सांगितल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही, कारण आधी नेमून दिलेले काम गृहीत असते. म्हणूनच कारणे दाखवण्याच्या नोटिशीत 'कामात हलगर्जीपणा' असतो, 'बेफिकिरी' क्वचितच. 'गाफील' ह्या शब्दाला शत्रू लागतो, निदान धोका तरी. ज्याच्यावर कोणी चालून येणार नाही, तो गाफील राहूच शकत नाही. 'बेपर्वा'ला षष्ठी हवी: कोणाची, कशाची पर्वा नाही? 'बेफिकीर' मात्र एकट्याने उभा राहतो. 'तो बेफिकीर आहे' हे वाक्य पूर्ण आहे. ते एका माणसाविषयी आहे आणि त्याच्या कामाविषयी काहीच सांगत नाही. कामाविषयी, घडवलेल्या वस्तूविषयी बोलायचे असेल तर मराठीत 'ढिसाळ' आहे, 'गलथान' आहे. विणकाम ढिसाळ असते, कारभार गलथान असतो. सामान्य वापराच्या कोशांत ह्या शब्दांना एकमेकांच्या अर्थाच्या जागी बसवण्याची पद्धत असल्यामुळे ते समानार्थी आहेत असा समज पसरतो. पण कोशातली ती सोय विद्यापीठीय समीक्षेने सिद्धांत म्हणून उचलावी, हे मात्र नवल आहे.

समीक्षेपेक्षा कायद्याची मराठी ह्या बाबतीत अधिक जागरूक आहे, हे मान्य करावे लागेल. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मध्ये, मृत्यूस कारण होणाऱ्या कृतीची दोन विशेषणे अलग ठेवलेली आहेत. मराठीत ती 'बेदरकार' आणि 'हयगयीची' अशी येतात. १८७२ साली मद्रास उच्च न्यायालयाने ह्या दोहोंतील भेद सांगितला, तो आजही उद्धृत होतो: परिणामाची जाणीव असूनही तो टळेल अशा भरवशावर धोका पत्करणे ही एक गोष्ट, ती जाणीवच नसणे आणि जी सावधगिरी बाळगणे प्राप्त होते ती न बाळगणे ही दुसरी. बेदरकार माणसाला धोका दिसलेला असतो. हयगय करणाऱ्याला तो दिसलेला नसतो. रस्त्यावरील अपघाताच्या फिर्यादीत हे दोन शब्द जोडीने आणि बहुधा यांत्रिकपणे लिहिले जातात, हे खरे. तरीही ते दोन आहेत. कवितेच्या बाबतीत मात्र कवीला धोका दिसला होता की नाही, हा प्रश्नच आपल्याकडे विचारला जात नाही. वास्तविक एखाद्या ओळीचा भंग हा जाणूनबुजून पत्करलेला धोका आहे की नजरचूक आहे, हे ठरवण्यापासूनच शैलीविचाराला सुरुवात व्हायला हवी.

'फिकीर' ह्या शब्दाचा प्रवासही ह्या संदर्भात लक्षात घेण्याजोगा आहे. अरबीतील 'फिक्र' म्हणजे विचार, चिंतन. फारसी-उर्दू काव्यपरंपरेत काव्यरचनेसाठी कवी जे चिंतन करतो, त्यालाही हा शब्द लागतो. मराठीत येताना त्यातील चिंतनाचा अंश गळला आणि चिंतेचा तेवढा उरला. त्यामुळे मराठी 'बेफिकीर' म्हणजे विचारशून्य नव्हे, चिंताशून्य. ही अर्थाची हानी मानायची तर माना, पण तिच्यामुळे हा शब्द मराठीत निरागस झाला. ज्यांना साठोत्तरी लेखकाच्या बेफिकिरीत रचनेविषयीचा अविचार दिसतो, ते नकळत शब्दाला त्याच्या मूळ अर्थाकडे ढकलत असतात, आणि गौरव मात्र मराठी अर्थाने करीत असतात. दोन भाषांतील दोन अर्थांच्या फटीत उभे राहून केलेला हा गौरव आहे.

ही फसवणूक वाक्यात नेमकी कोठे घडते, हे दाखवण्यासाठी संस्कृत काव्यशास्त्रातील एक दोष उपयोगी पडतो. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित महिमभट्ट ह्याने 'व्यक्तिविवेका'च्या दुसऱ्या विमर्शात शब्दविषयक अनौचित्याचे जे पाच प्रकार मांडले, त्यांतील पहिला 'विधेयाविमर्श'. मम्मटाने तोच 'अविमृष्टविधेयांश' म्हणून स्वीकारला. वाक्यात उद्देश्य आधीच ज्ञात असते आणि विधेय नव्याने सांगायचे असते. जे सांगायचे, ते समासाच्या पोटात किंवा गौण जागी दडपले गेले, तर त्याचे प्राधान्य नष्ट होते आणि ऐकणाऱ्याला ते आधीच सिद्ध असल्यासारखे वाटते. दोषाच्या नावातच 'अविमर्श' आहे, म्हणजे विचार न होणे. कवीने कशावर भर द्यायचा ह्याचा विमर्श केला नाही, ही महिमभट्टाची तक्रार. सुभाषितातील शब्दक्रमाला लागू होणारी ही तक्रार आजच्या समीक्षेच्या गद्याला जशीच्या तशी लागू पडते. 'ह्या कवीच्या बेफिकीर शैलीने मराठी कवितेला नवे परिमाण दिले' अशा धर्तीचे वाक्य घ्या. ह्यात नव्या परिमाणाविषयी वाद घालता येईल. पण शैली बेफिकीर आहे, ही जी मुख्य आणि सिद्ध करावयाची गोष्ट, ती विशेषणाच्या रूपाने उद्देश्याच्या पोटात शिरून बसली आहे. तिला कोणी पुरावा मागत नाही. शैली बेफिकीर आहे, असे सरळ विधेयाच्या जागी मांडून पाहिले की लगेच प्रश्न उभे राहतात: कोणत्या ओळीत? कशाच्या तुलनेत? लेखनाची की लेखकाची? ह्या प्रश्नांना टाळण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे विधेयाला विशेषण करून टाकणे.

ह्यावर एक आक्षेप संभवतो आणि तो दुबळा नाही. माणसाची चाल बेफिकीर असू शकते. शैली ही लेखनाची चाल आहे. मग शैलीला हे विशेषण लावण्यात चूक ती काय? चूक नाही. परंतु असे म्हटले की बेफिकिरी हा लेखनाने वाचकावर घडवलेला परिणाम ठरतो, आणि परिणाम म्हटला की तो कोणत्या साधनांनी घडवला, हे सांगण्याचे दायित्व येते. युरोपात ह्याच प्रश्नाला एक नाव मिळाले होते. बाल्दास्सारे कास्तिल्योने ह्याच्या १५२८ साली व्हेनिसमध्ये छापल्या गेलेल्या 'इल कोर्तेजानो' ह्या संवादग्रंथात उर्बिनोच्या दरबारातील एक पात्र 'स्प्रेझ्झातूरा' हा शब्द पुढे करते आणि आपण कदाचित नवाच शब्द वापरत आहोत, असेही बजावते. हा शब्द तुच्छ लेखण्याच्या क्रियेवरून आलेला; म्हणजे आपल्या 'बेपर्वा'च्या अधिक जवळचा. पण त्याचे जे स्पष्टीकरण तेथे दिले आहे, त्याचा रोख असा, की कला लपवावी आणि केलेली गोष्ट सायास न पडता, जणू विचारही न करता झाली असे भासवावे. सारा अर्थ ह्या 'भासवावे'मध्ये आहे. ज्याला कला अवगत नाही, त्याने ती लपवण्याचा प्रश्नच येत नाही. कास्तिल्योनेच्या वाचकांनी हा शब्द अजागळपणाच्या समर्थनासाठी वापरला असता, तर त्या दरबारात त्यांचे हसे झाले असते. आपल्याकडे मात्र भासालाच वस्तुस्थिती मानून त्यावर प्रबंध रचले जातात.

दुसरा आक्षेप प्रतिभेच्या नावाने येतो. मोठा कवी तपशिलात अडकत नाही, त्याच्या आवेगात बारीकसारीक चुका वाहून जातात, त्या काढत बसणे हे शाळामास्तरी काम, असा हा पवित्रा असतो. ह्याला परंपरेचे पाठबळ आहे असेही क्वचित सुचवले जाते, आणि ते अंशतः खरे आहे. आनंदवर्धनाने 'ध्वन्यालोका'च्या तिसऱ्या उद्योतात दोषांचे दोन उगम सांगितले आहेत: व्युत्पत्तीचा अभाव आणि शक्तीचा अभाव. पहिल्या प्रकारचा दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो. दुसरा तत्काळ डोळ्यांत भरतो. 'कुमारसंभवा'त देवतांच्या शृंगाराचे वर्णन करण्यातले अनौचित्य कालिदासाच्या शक्तीमुळे वाचकाला जाणवत नाही, असे त्याचे उदाहरण. परंतु आनंदवर्धन त्या अनौचित्याला गुण म्हणत नाही. झाकलेला दोष हा दोषच असतो, आणि तो झाकला गेला आहे हे ओळखणारी नजर त्याच्यापाशी होती म्हणूनच तो हे लिहू शकला. आपल्या समीक्षेने झाकणालाच अलंकार ठरवले आहे. शिवाय आनंदवर्धनाच्या वर्गीकरणात निव्वळ दुर्लक्षाला जागा नाही, हेही नोंदवायला हवे. व्युत्पत्ती आहे, शक्ती आहे, आणि तरीही कवीने लक्ष दिले नाही, ह्या तिसऱ्या शक्यतेला त्याने नाव दिलेले नाही. कदाचित ती त्याला कवीच्या बाबतीत संभवनीयच वाटली नसावी.

ह्याच पवित्र्याची इंग्रजी आवृत्ती म्हणजे वर्ड्‌स्वर्थचा दाखला. उत्कट भावनांच्या उत्स्फूर्त उद्रेकाची त्याची १८०० सालच्या प्रस्तावनेतील व्याख्या मराठी विद्यार्थ्याला पाठ असते. त्याच वाक्याला लागून, ज्याने दीर्घकाळ आणि खोलवर विचार केला आहे अशाच माणसाच्या हातून मोलाची कविता निर्माण होते, अशी पुरवणी वर्ड्‌स्वर्थने जोडली होती, ती मात्र पाठांतरातून निसटते. अर्धे वाक्य पाठ करणे ह्यालाही 'बेफिकिरी' म्हणायचे काय?

प्रत्यक्ष लेखकांकडे वळले, म्हणजे ह्या विशेषणाची विसंगती अधिकच उघडी पडते. अरुण कोलटकर हे बेफिकीर कवींच्या यादीत अग्रक्रमाने घातले जाणारे नाव. पन्नाशीच्या दशकापासून लिहिणाऱ्या ह्या कवीचा पहिला मराठी संग्रह, 'अरुण कोलटकरच्या कविता', प्रसिद्ध झाला तो १९७७ साली, आणि त्यानंतरच्या मराठी संग्रहांसाठी वाचकाला नव्या शतकाची वाट पाहावी लागली. कीर्तीविषयी बेफिकीर असणाऱ्याचे हे वर्तन आहे, हे निःसंशय. पण ज्याला मजकुराची काळजी नाही, तो पंचवीस वर्षे थांबत नाही. कोलटकर ग्राफिक डिझाइनच्या व्यवसायातले. अक्षराचे वजन, दोन ओळींमधील मोकळी जागा, कागदावरील कवितेची आकृती ह्या गोष्टी त्यांच्या दृष्टीने कवितेबाहेरच्या नव्हत्या. हा संग्रह प्रास प्रकाशनाने काढला. त्या प्रकाशनामागचे अशोक शहाणे हे १९६३ सालच्या 'आजकालच्या मराठी वाङ्मयावर क्ष-किरण' ह्या लेखामुळे प्रस्थापितांची पर्वा न करणारे म्हणून गाजले; पण मुद्रणाविषयीचा त्यांचा चोखंदळपणाही मराठी वाचकाला अपरिचित नाही. ज्याला लोकमताची पर्वा नाही, त्यालाच ओळीची काळजी घेण्याइतकी उसंत मिळते, असा ह्या दोहोंतील संबंध असू शकतो. समीक्षेने मात्र पहिल्यावरून दुसरीचा अभाव सिद्ध झाला असे मानले. मर्ढेकरांच्या उंदरांच्या कवितेतील शब्दक्रमावर ज्या मराठी समीक्षेने पानेच्या पाने खर्ची घातली, तिला कोलटकरांच्या शब्दक्रमावर तेवढाच श्रम करावासा क्वचितच वाटला. एकाला 'प्रयोगशील' म्हटले होते, दुसऱ्याला 'बेफिकीर'; आणि बेफिकीर माणसाच्या शब्दक्रमाची चिकित्सा कोण करणार?

कादंबरीत ही गल्लत आणखी एका पायरीने गुंतागुंतीची होते, कारण तेथे निवेदक असतो. 'कोसला'च्या (१९६३) निवेदकाच्या तोंडी वारंवार येणारे 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' हे शब्द बेफिकिरीची खूण म्हणून दाखवले जातात. ती खूण आहेच. पण पांडुरंग सांगवीकरची. कशाचेच मोल मानायचे नाही असे ठरवून बोलणारा निवेदक उभा करायचा, तर त्या दोन शब्दांची वारंवारता, त्यांच्या जागा आणि त्यांची गैरहजेरी ह्यांवर लेखकाला सतत लक्ष ठेवावे लागते. निवेदकाने झटकलेली काळजी लेखकाने घेतलेली असते. निवेदक आणि लेखक ह्यांतील भेद पदव्युत्तर वर्गात पहिल्याच महिन्यात शिकवला जातो. तोच भेद हे विशेषण लिहिताना विसरला जातो.

ह्या विशेषणाचा सर्वांत अन्याय्य वापर दलित साहित्याच्या संदर्भात झाला आहे, आणि तेथे तो गौरवाच्या नव्हे, तर सहानुभूतीच्या वेषात येतो. नामदेव ढसाळ ह्यांचा 'गोलपिठा' विजय तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह १९७२ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या चर्चेत एक युक्तिवाद दृढ झाला: अनुभवाची दाहकताच इतकी, की रचनेकडे, भाषेच्या शुद्धतेकडे लक्ष देण्याची फिकीर ह्या कवीला नाही. वरवर पाहता ह्यात दाद आहे. पण ह्या दादेच्या तळाशी गृहीत काय आहे? लक्ष देणे म्हणजे प्रमाण भाषेकडे लक्ष देणे. जो तिच्याकडे लक्ष देत नाही, त्याचे कशाकडेच लक्ष नाही. कामाठीपुऱ्यातील बोली आणि संस्कृतप्रचुर शब्द एकाच ओळीत शेजारी बसवणे, एका शिवीला तिच्या नेमक्या वजनासह जागा देणे, ही अवधानाची कामे आहेत. प्रमाण भाषेचा अपमान झाला असेल तर तो बेदरकारपणे, म्हणजे परिणाम दिसत असताना, केलेला आहे. हयगयीने झालेला नाही. हा भेद पुसला की दलित कवीच्या वाट्याला अनुभव येतो आणि कला अन्य कोणाच्या तरी वाट्याला जाते. 'बलुतं' (१९७८) आणि त्यानंतरच्या आत्मकथनांना 'कलात्मकतेची फिकीर न करणारे लेखन' म्हणून डोक्यावर घेणाऱ्यांनी त्यांची रचना वाचण्याचे श्रम वाचवले, आणि हे श्रम वाचवणे म्हणजेच औदार्य असा आव आणला. 'हयगय' ह्या शब्दात मराठी कानाला 'गय'ही ऐकू येते. समीक्षेने येथे वाचनात हयगय केली आणि वर लेखकाची गय केल्याचे श्रेय घेतले. ज्याची गय केली जाते, तो आधी अपराधी ठरलेला असतो.

खरोखरच अवधान सुटल्यावर काय म्हणावे, ह्यासाठी भारतीय परंपरेत एक भारदस्त शब्द आहे: 'प्रमाद'. आज मराठीत तो मोजता येण्याजोग्या चुकीचा वाचक झाला आहे. प्रमाद घडतो, एक किंवा अनेक. मुळात ती अवस्था होती, घटना नव्हे. 'मद्' ह्या धातूमुळे त्यात धुंदीची छटा आहे. पतंजलीच्या योगसूत्रांतील चित्ताच्या नऊ अंतरायांत प्रमाद मोडतो. 'धम्मपदा'चा दुसरा वर्गच अप्रमादाला वाहिलेला आहे. 'उत्तराध्ययना'च्या दहाव्या अध्ययनात क्षणभरही प्रमाद न करण्याचा गौतमाला दिलेला उपदेश पालुपदासारखा येतो. उमास्वातीच्या 'तत्त्वार्थसूत्रा'ने तर हिंसेची व्याख्याच प्रमत्त योगाच्या आधारे केली: प्राण गेला एवढ्यानेच हिंसा होत नाही, तो प्रमत्त अवस्थेतून गेला तर होते. परिणामापेक्षा अवधानाची स्थिती निर्णायक मानणारा हा विचार वर सांगितलेल्या न्यायालयीन भेदापासून फार दूर नाही. एवढ्या सूक्ष्मतेने ज्या परंपरेने अनवधानाचा विचार केला, तिच्या वारसांनी 'बेफिकीर' ह्या एका शब्दावर भागवावे, हे दारिद्र्य भाषेचे नाही.

आणि प्रमाद कोणाचा, हाही प्रश्न विचारायला हवा. कवीच्या अनवधानाविषयी एवढ्या मायेने बोलणाऱ्या समीक्षेचे स्वतःच्या कामातील अवधान कसे आहे? समग्र वाङ्मयाचे खंड निघतात. त्यांत कविता प्रथम कोठे आणि केव्हा छापली गेली, संग्रहात घेताना कवीने काय बदलले, संपादकाने कोणता पाठ स्वीकारला आणि का, ह्याचा पुष्कळदा पत्ता नसतो. प्रबंधांत उद्धृत ओळी स्मरणातून उतरवलेल्या असतात आणि पुढचा प्रबंध त्या मागच्या प्रबंधातून उतरवतो. लघुनियतकालिकांचे अंक मुळात थोडे, त्यांतील किती ग्रंथालयांपर्यंत पोचले हा वेगळाच विषय. पण जे हाताशी आहेत, त्यांच्याशी छापील संग्रह ताडून पाहण्याचे कामही अपवादानेच झाले आहे. असे असताना एखाद्या ओळीतील विचित्र शब्द ही कवीची बेफिकिरी, की खिळे जुळवणाऱ्याची नजरचूक, हे ठरवायचे कशावरून? शैली म्हणून ज्याचा गौरव चालला आहे, तो छापखान्यातला प्रमाद निघण्याची शक्यता आजही नाकारता येत नाही.

हे दुर्लक्ष मराठीला जन्मजात नव्हते. महानुभावांनी 'लीळाचरित्रा'च्या परंपरेत एकाच लीळेचे भिन्न पाठ कोणाकडून आले, हे नावानिशी नोंदवून ठेवले; आवडता पाठ ठेवून बाकीचे पुसून टाकले नाहीत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, 'ज्ञानेश्वरी'चे पाठशोधन पूर्ण केले, तेव्हा मूळ ग्रंथ शुद्धच होता, बिघाड पाठपरंपरेत शिरला, अशी भूमिका घेतली आणि पुढच्यांनी त्यात आपल्या पदरच्या ओव्या घालू नयेत, असा इशाराही दिला. दोष कवीचा की लेखनिकाचा, हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी मराठीत विचारला गेला होता आणि त्याचे उत्तर पोथ्या समोर ठेवून शोधले गेले होते.

दुसऱ्याच्या लेखनात दोष दाखवणाऱ्याने स्वतः निर्दोष असावे काय, ही शंका महिमभट्टालाही आली होती. ध्वनीच्या एका व्याख्येत दहा दोष काढणाऱ्या ह्या पंडिताने तिला दिलेले उत्तर असे, की वैद्य स्वतः कुपथ्य करीत असला तरी रोग्याला त्यापासून वारतोच. आजची अडचण वेगळी आहे. आजच्या वैद्याने रोग्याला तपासलेलेच नाही. त्याच्या प्रकृतीचे कौतुक तेवढे केले आहे. कोलटकरांच्या संग्रहातील कविता त्यांच्या नियतकालिकांतील पहिल्या छपाईशी ताडून पाहणे, 'गोलपिठा'च्या निरनिराळ्या आवृत्त्यांतील पाठ शेजारी ठेवून वाचणे, 'कोसला'तील 'वगैरे' कोठे येतो आणि कोठे येत नाही ह्याची नोंद करणे, ही कामे कोणा एका विद्वानाच्या आयुष्याएवढी मोठी नाहीत. विद्यापीठाच्या एखाद्या विभागाला दोन-तीन वर्षांत सहज उरकता येतील अशी ती आहेत. ती होईपर्यंत ह्या तिन्ही लेखकांच्या मागचे 'बेफिकीर' हे विशेषण काढून ठेवावे.